बालरुग्णालय ‘तोट्यात’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

धर्मादाय बालरुग्णालयांच्या तोट्याची बातमी दरवर्षी एकदा तरी येते. मथळ्यात कोटींचा आकडा असतो आणि त्याखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. कोणी म्हणतो, फुकट रुग्ण घेतल्यावर दुसरे काय होणार? कोणी म्हणतो, कारभारच ढिसाळ, द्या एखाद्या कंपनीच्या ताब्यात. रुग्णालयांचे हिशेब रोज पाहणाऱ्यांना या दोन्ही निदानांत तथ्य कमी दिसते. मोठ्यांच्या रुग्णालयाच्या फूटपट्टीने बालरुग्णालय मोजले की ते तोट्यातच दिसणार. पण तोटा दिसणे वेगळे आणि रुग्णालय बंद पडायच्या बेताला येणे वेगळे. बंद पडायची वेळ येते ती हक्काचा पैसा वेळेवर हातात न आल्यामुळे. त्यावर चर्चा जवळपास होत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, आकडेही बरेच आहेत. त्याला इलाज नाही.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयाचे उदाहरण बहुतेक वाचकांना आठवत असेल. रुग्णालय १९२९ सालचे, त्याच्या जोडीचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालचे. गिरणगावातल्या बायकामुलांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्था ट्रस्टच्या, पण खर्चाचा वाटा मुंबई महापालिका आणि राज्य सरकार यांनी उचलायचा, अशी जुन्या करारांवर चालत आलेली व्यवस्था. जानेवारी २०२० मध्ये औषधे आणि साहित्य संपत आल्याने नवीन रुग्ण घेणे थांबवण्याची वेळ आली. थकीत अनुदान दोनशे कोटींच्या वर गेल्याचा ट्रस्टचा दावा होता. मंजूर खाटा किती, पदे किती, वाढीव खर्चाला संमती कोणाची, असे महापालिकेचे आक्षेप होते. लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि राज्य सरकार व महापालिका मिळून ४६ कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले.

कोण बरोबर, कोण चूक, हा वाद इथे उकरायचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की मंजूर खाटांचा वाद हा हिशेबाचा वाद आहे. तो लेखापरीक्षकांनी टेबलावर बसून दरवर्षी मिटवायचा असतो. तो वर्षानुवर्षे साचू दिला की शेवटी वॉर्डात सलाइनच्या बाटल्या संपतात. करार जुना, खाटा वाढत गेलेल्या, आणि वाढीव खाटांचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे कागदावर आलेलेच नाही, अशी स्थिती राज्यातल्या बऱ्याच अनुदानित रुग्णालयांत आहे.

उशिराची किंमत किती, ते एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणाने पाहू. वर्षाला ६० कोटी खर्चाचे बालरुग्णालय, म्हणजे महिन्याला ५ कोटी. त्यातला ४० टक्के हिस्सा सरकारी योजना आणि अनुदानातून येतो असे धरू. महिन्याला २ कोटी. हा पैसा सहा महिने उशिरा आला तर १२ कोटी कायमचे अडकले. ते बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायच्या कर्जातून, काढले तर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज १ कोटी २० लाख. महिना ३० हजार पगाराच्या ३३ परिचारिकांचा हा वर्षाचा पगार झाला. हे व्याज उत्पन्न-खर्च पत्रकात ‘बँक शुल्क व व्याज’ अशा एका ओळीत बसते आणि वार्षिक सभेत त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. योजनेकडून या व्याजाची भरपाई मिळत नाहीच.

ज्या संस्थेला बँक कर्ज देत नाही तिथे पैसा कोणाचा तरी थांबवावा लागतो. कोणाचा थांबतो, याचा क्रम जवळपास सगळीकडे सारखा असतो. पगार थांबवता येत नाहीत. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला आणि भविष्यनिर्वाह निधी १५ तारखेला भरावाच लागतो, नाहीतर व्याज आणि दंड. वीजबिल थांबवणे शक्यच नाही. उरतात औषधांचे वितरक आणि यंत्रांच्या देखभालीचे करार. वितरक ९० दिवस थांबतो, मग नवीन माल रोखीने मागतो किंवा दर वाढवतो. पुरवठादार स्वतः माल बनवणारा आणि सूक्ष्म किंवा लघुउद्योगात मोडणारा असेल तर कायद्याने फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. प्रत्यक्षात पुरवठादार व्याज मागत नाही, पुढच्या निविदेत दरातच वसूल करतो. ‘औषधखरेदी महाग का?’ या प्रश्नाचे उत्तर खरेदी विभागात शोधले जाते आणि ते असते येण्यांच्या, म्हणजे बाहेरून यायच्या पैशांच्या, खात्यात.

देखभाल करार संपला की लगेच काही बिघडत नाही, म्हणूनच तो टाळायला सोपा. पहिल्यांदा व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल जातो, नंतर फ्लो सेन्सर, बाळाला ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरचा त्वचेवर लावायचा तापमापक, इन्फ्युजन पंपाची बॅटरी. यातली एकेक वस्तू काही हजारांची. पण ती नसली की लाखोंचे यंत्र कोपऱ्यात चादर पांघरून बसते आणि बाळाला ‘बेड नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवले जाते. बेड असतो, चालू यंत्र नसते. वीजजोडण्या, भारक्षमता आणि अग्निसुरक्षा यांचा खर्चही याच ‘पुढच्या वर्षी बघू’च्या यादीत जातो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत दहा बालके गेली. त्यानंतर तरी नवजात कक्षांचे वीज आणि अग्नी परीक्षण ही अंदाजपत्रकातली न कापता येणारी बाब व्हायला हवी होती. ऑक्सिजन सतत सुरू असलेल्या आणि वॉर्मर, पंप, मॉनिटर, वातानुकूलन एकाच वेळी चालणाऱ्या खोलीत ही काटकसर परवडत नाही.

आता मुळातल्या खर्चाकडे. मूल लहान म्हणून खर्च लहान, असा समज विश्वस्तांमध्येही असतो. नवजात अतिदक्षता कक्षात व्हेंटिलेटरवरच्या दोन बाळांमागे एक परिचारिका हे किमान धरू. दहा बाळांना प्रत्येक पाळीत पाच जणी लागल्या. वर्षाच्या तीन पाळ्यांप्रमाणे १,०९५ पाळ्या. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, सण आणि आजारपण वजा जाता एक परिचारिका वर्षात साधारण २५५ दिवस कामावर असते. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला ४.३ माणसे. पाच जागांना २१ ते २२. बऱ्याच अंदाजपत्रकांत हा आकडा पंधरा धरलेला असतो, तीन पाळ्या गुणिले पाच. उरलेल्या सहा-सात जणींचे काम ओव्हरटाइमवर किंवा दुसऱ्या वॉर्डातून ओढून आणून भागवले जाते. मग अनुभवी परिचारिका नोकरी सोडतात, नव्यांना शिकवण्यात तीन ते सहा महिने जातात, तोवर संसर्ग वाढतो आणि मुक्काम लांबतो. पगारात वाचलेला पैसा असा दुप्पट होऊन बाहेर पडतो.

औषधांचेही तसेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून द्यायच्या सर्फॅक्टंट या औषधाची एक नेहमीची बनावट दीड आणि तीन मिलिलिटरच्या कुपीत येते. मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम. मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम. बाराशे ग्रॅमच्या बाळाला बरोबर तीन मिलिलिटर लागते, काही वाया जात नाही. नऊशे ग्रॅमच्या बाळाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन मिलिलिटर. तीनची कुपी फोडावी लागते आणि पाऊण मिलिलिटर टाकून द्यावे लागते; एकदा वापरायची कुपी दुसऱ्या बाळासाठी ठेवायची नसते. हे औषध स्वस्त नाही. प्रतिजैविकांतही तेच: कुपी मोठ्यांच्या मात्रेची, बाळाला तिचा दहावा भाग. काही औषधे फार्मसीतल्या स्वच्छ कक्षात एकाच वेळी चार-पाच बाळांच्या मात्रा काढून वाटून घेता येतात, त्याने खरोखर बचत होते. पण त्यासाठी लॅमिनार फ्लोचे (गाळलेल्या हवेच्या झोतातले) टेबल, प्रशिक्षित फार्मासिस्ट आणि मात्रांची वेळ जुळवणारे डॉक्टर लागतात. वॉर्डातल्या टेबलावर हा उद्योग केला तर संसर्गाला आमंत्रण.

भांडारात मोजमापांची गर्दी असते. मोठ्यांच्या रुग्णालयात श्वासनलिकेच्या दोन-तीन मापांच्या नळ्यांवर बरेचसे काम निभावते. इथे अडीचपासून सहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने प्रत्येक माप हवे. पोटात घालायच्या नळ्या, शिरेत घालायचे २४ आणि २६ गेजचे कॅन्युला, रक्तदाबाचे पट्टे, मुखवटे, सगळ्यांचे तसेच. काही मापे महिन्यात दोनदाच लागतात, पण लागतात तेव्हा त्याच मिनिटाला लागतात. त्यामुळे साठा वर्षात किती वेळा फिरला या निकषावर बालरुग्णालयाचे भांडार नापासच होणार. इथे मोजायचे असते ते वेगळेच: मुदत संपून किती माल फेकला आणि कितीदा एखादी वस्तू शून्यावर आली. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, ही शिस्त पाळली, मुदतीच्या तीन महिने आधी यादी काढून माल परत करण्याची अट खरेदी आदेशातच घातली, तर पहिला आकडा झपाट्याने खाली येतो.

उत्पन्नाची बाजू त्याहून नाजूक. मोठ्यांच्या रुग्णालयाला सांधेबदल, अँजिओप्लास्टी आणि तपासण्या पोसतात. बालरुग्णालयात ताप, न्यूमोनिया, जुलाब, झटके आणि कमी वजनाची बाळे. एमआरआयसारखे यंत्रसुद्धा इथे कमी कमावते, कारण लहान मूल स्थिर पडून राहत नाही. भूल द्यावी लागते, उपाशी ठेवावे लागते, नंतर शुद्धीवर येईपर्यंत पाहावे लागते. त्याच यंत्रावर, तेवढ्याच वेळात, मोठ्यांच्या तुलनेत निम्मीच तपासणी उरकते. दर मात्र तोच.

जीएसटीचा एक मुद्दा राहतो. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयाला मिळत नाही. देखभाल करारावरचे १८ टक्के थेट खर्चात. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा कर ५ टक्क्यांवर आला, त्याने खरेदी हलकी झाली. देखभालीची सेवा तिथेच आहे.

खाटा किती भरलेल्या, या आकड्याचा फार बडेजाव केला जातो. बालरुग्णालयाला ऋतू असतात. पावसाळा लागला की ऑक्टोबरपर्यंत डेंग्यू, श्वसनाचे आजार आणि जुलाब यांनी वॉर्ड ओसंडतात. चार महिने ९५ टक्के आणि आठ महिने ६० टक्के भरणा असेल तर वर्षाची सरासरी ७२ टक्क्यांच्या आत येते. सल्लागार म्हणतो, अठ्ठावीस टक्के खाटा रिकाम्या, कमी करा. त्या कमी केल्या की ऑगस्टमध्ये दारातून मुले परत जातात. शहाणे रुग्णालय खाटा कापत नाही, कॅलेंडर हलवते. हर्निया, न उतरलेले अंडकोष, तिरळेपणा, टॉन्सिल अशा घाई नसलेल्या शस्त्रक्रिया शाळेच्या सुट्टीत एप्रिल-मेमध्ये घेते, परिचारिकांच्या मोठ्या रजा हिवाळ्यानंतर लावते आणि पावसाळ्यात शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या खाटा तापाच्या मुलांना देते.

योजनांच्या दराबाबत एक गैरसमज व्यवस्थापनातही खोलवर आहे. समजा नवजात कक्षातल्या एका खाटेचा एका दिवसाचा पूर्ण खर्च ९ हजार आहे. त्यातले साडेसहा हजार पगार, वीज, घसारा, देखभाल असे, खाट रिकामी राहिली तरी होणारे. अडीच हजार औषधे, साहित्य आणि तपासण्यांचे. पॅकेजमधून, म्हणजे योजनेने उपचारासाठी ठरवलेल्या रकमेतून, दिवसाला ५ हजार पडतात. ‘चार हजारांचा तोटा, रुग्ण घेऊ नका’ असा आदेश निघतो. पण खाट रिकामी असेल तर रुग्ण न घेतल्याने तोटा साडेसहा हजारांचा होतो. घेतला तर चार हजारांवर थांबतो. म्हणून रिकाम्या खाटेवर योजनेचा रुग्ण नाकारणे हा माणुसकीबरोबर हिशेबालाही सोडून केलेला निर्णय आहे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: सगळ्याच खाटा या दराने भरल्या तर पगाराचा खर्च कधीच निघणार नाही. तेव्हा पैसे देणारे, विम्याचे आणि योजनेचे रुग्ण यांचे प्रमाण काय असावे, त्यातली तूट देणगीतून किती भरायची, हे विश्वस्तांनी वर्षाच्या सुरुवातीला उघडपणे ठरवायला हवे. ते ठरत नाही, म्हणून मग दारावरचा कारकून ठरवतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दावे अडकतात त्याची कारणे पाहिली तर निम्मी कारणे आपल्याच घरातली निघतात. नवजात बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नसते, त्यामुळे जन्मदाखला आणि आईवडिलांच्या कागदांची जोड लागते. बाळ ‘बेबी ऑफ’ अशा नावाने दाखल, बारशानंतर जन्मदाखल्यावर दुसरे नाव, आणि दोन्ही एकच हे सांगणारा कागद केसपेपरला नाही. रोजच्या नोंदी आहेत, पण एक्स-रेचा अहवाल नाही. पूर्वमंजुरी एका उपचाराची, प्रत्यक्षात बाळाला आणखी दोन आठवडे श्वासाचा आधार लागला आणि वाढीव मंजुरी मागायची राहिली. हे कागद डिस्चार्जच्या दिवशी जमवायला बसले की आई गाव गाठण्याच्या घाईत असते आणि सही राहते. उपाय साधा आहे. वॉर्डातच एक कारकून, रोज सकाळी आरोग्यमित्रासोबत (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसासोबत) प्रत्येक फाइल पाहायची, राहिलेला कागद त्याच दिवशी घ्यायचा. दर आठवड्याला नाकारलेल्या दाव्यांची यादी कारण, वॉर्ड आणि रकमेसह विभागप्रमुखांपुढे ठेवायची. दोन-तीन महिन्यांत कोणत्या वॉर्डात काय चुकते ते कळते. तरीही जे अडकते ते सरकारच्या बाजूचे, आणि त्यावर बोलायचा हक्क मग मिळतो.

निर्धन रुग्ण निधीची कथा वेगळी आहे. २००६ पासून लागू झालेल्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत टाकायची. नियम सर्वांना सारखा, परिणाम मात्र उलटा. पैसेवाल्या रुग्णांचे ५०० कोटींचे बिल करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात निधी १० कोटींचा होतो. ४० कोटींचे बिल करणाऱ्या बालरुग्णालयात ८० लाखांचा. आठशे-नऊशे ग्रॅमचे बाळ दोन महिने राहिले आणि बिल ८ लाखांवर गेले, तर अशी दहा बाळे म्हणजे वर्षाचा निधी संपला. गरज जिथे जास्त तिथे निधी कमी, हे सूत्रातच आहे. ज्या रुग्णालयांत या निधीची शिल्लक पडून राहते तिथून ती बालरुग्णालयांच्या बिलांकडे वळवता येईल का, याचा धर्मादाय आयुक्तांनी आणि देखरेख समितीने गांभीर्याने विचार करावा. निधी संपल्यावरही ही रुग्णालये बाळांना बाहेर काढत नाहीत, आणि तो खर्च मग ‘तोटा’ म्हणून छापून येतो. त्याला निदान ‘मोफत सेवा’ असे वेगळे नाव आणि वेगळी ओळ द्यायला काय हरकत आहे?

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल थोडे कटू बोलावे लागेल. मार्च आला की यंत्रे येतात, रिबन कापली जाते, पाटी लागते. पगाराला, देखभालीला, फिल्टर आणि सर्किटला पैसे मिळत नाहीत. व्हेंटिलेटर फुकट मिळाला तरी हमीची मुदत संपल्यावर त्याचा सर्वसमावेशक देखभाल करार, दर रुग्णामागे बदलायच्या नळ्या आणि तो चालवायला ४.३ परिचारिकांतला वाटा हा खर्च रुग्णालयाचाच. यंत्र स्वीकारण्याआधी पाच वर्षांचा चालू खर्च मांडावा आणि देणगीदाराला तो दाखवावा. नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे निधी देण्याची सोय आहे; ती फार थोड्या संस्था मागतात. आणि नको असलेल्या यंत्राला नम्रपणे नाही म्हणायला शिकावे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाला एका नाटककाराने आपल्या नाटकाचे हक्कच देऊन टाकले, तेही योगायोगाने १९२९ मध्ये. त्या देणगीने दरवर्षी थोडा का होईना पैसा येत राहिला. आपल्याकडच्या देणगीदारांनी इमारतीऐवजी दोन परिचारिकांच्या कायमच्या पगाराचा मूळ निधी दिला तर नाव तितकेच टिकेल.

खर्च कमी करण्याचे खरे मार्ग वैद्यकीय आहेत, हे हिशेबनिसांनी मान्य करायला हवे. नवजात कक्षात रक्तातला एक जंतुसंसर्ग झाला की मुक्काम दहा-बारा दिवस सहज वाढतो. वरच्या हिशेबाने पूर्ण खर्च लाखाच्या घरात, आणि वाढीव मंजुरी नसेल तर पॅकेजमध्ये त्यातला एक रुपयाही वाढत नाही. हात स्वच्छ करण्याचे द्रावण प्रत्येक खाटेजवळ, नळी घालताना तपासयादी, अनावश्यक प्रतिजैविक ठरल्या दिवशी बंद, याहून चांगला परतावा देणारी गुंतवणूक बालरुग्णालयात दुसरी नाही. आईचे दूध हाही तसाच विषय. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईत, शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पावडरऐवजी आईचे किंवा दात्या मातेचे दूध मिळाले की आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका घटतो. तो आजार झाला तर शस्त्रक्रिया, शिरेतून पोषण आणि कित्येक आठवडे. कांगारू पद्धतीत बाळाला छातीशी धरून ठेवायला आईला खुर्ची, पलंग, दोन वेळचे जेवण आणि स्नानगृह लागते. रुग्णालये आईला व्हरांड्यात झोपवतात आणि वॉर्मरवर हजारो खर्च करतात.

स्थिर झालेले, फक्त वजन वाढवण्यासाठी थांबलेले बाळ जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या विशेष नवजात कक्षात परत पाठवण्याची व्यवस्था असेल तर मोठ्या रुग्णालयातली खाट पुढच्या आजारी बाळाला मिळते. हे पाठवणे म्हणजे चिठ्ठी देऊन मोकळे होणे नव्हे. तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलणे, ऊब राखणारी रुग्णवाहिका, डोळ्यांच्या पडद्याची आणि श्रवणाची तपासणी कधी करायची याच्या तारखा लिहिलेला कागद, आणि बिघडले तर विनाप्रश्न परत घेण्याची हमी. या चारपैकी एक जरी नसले तरी पालक बाळ हलवायला तयार होत नाहीत, आणि त्यांचे बरोबर असते.

लोकांपुढे येणाऱ्या हिशेबात यातले काहीच दिसत नाही. सार्वजनिक न्यास नियमांतल्या नवव्या परिशिष्टातल्या उत्पन्न-खर्च पत्रकात न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत अशा ढोबळ शीर्षकांखाली येतो. साठ कोटींचे रुग्णालय ‘वैद्यकीय मदत’ या एका ओळीत मावते. कायद्याने एवढेच लागते, पण त्याच्या सोबत दोन पानांचे निवेदन जोडायला कायदा मना करत नाही. त्या पानांवर विभागवार एका खाटेचा एका दिवसाचा खर्च हवा. सरासरी नको, कारण बाह्यरुग्ण विभाग आणि नवजात कक्ष यांची सरासरी कोणालाच काही सांगत नाही. तो काढताना धुलाई किलोवर, वीज प्रत्यक्ष भारावर, निर्जंतुकीकरण संचांच्या संख्येवर वाटावे. येणी किती दिवसांची, त्यातली सहा महिन्यांपुढची किती आणि ती कोणाकडे, हे नावानिशी हवे. हातातली रोकड किती दिवस पुरेल हेही हवे. ४५ दिवसांच्या खाली गेली की विश्वस्तांची झोप उडाली पाहिजे. जन्मवजनाच्या गटांनुसार सरासरी मुक्काम, हजार दिवसांमागे जंतुसंसर्ग, वर्षात सोडून गेलेल्या परिचारिका, बंद पडलेल्या यंत्रांचे दिवस आणि ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलेली मुले, एवढे छापले की पुढचा वाद निदान खऱ्या आकड्यांवर होईल.

सरकार आणि महापालिकांकडे मागणे एकच आहे, आणि त्यासाठी नवा पैसाही लागत नाही. अनुदान वर्षाअखेर खर्च तपासून देण्याऐवजी मागच्या लेखापरीक्षित वर्षाच्या ७५ टक्के रक्कम चार समान हप्त्यांत, प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ द्यावी. उरलेले २५ टक्के लेखापरीक्षणानंतर. वादातली पदे आणि खाटा यांची रक्कम तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी, तिच्यापायी निर्विवाद रक्कम अडवू नये. मंजूर खाटा आणि पदांचा आढावा दर तीन वर्षांनी दोन्ही बाजूंच्या सहीने व्हावा. योजनेच्या दाव्यांवर ठरलेल्या मुदतीत शंका विचारली गेली नाही तर दाव्याचा ठरावीक भाग आपोआप जमा व्हावा आणि छाननी नंतर चालू राहावी. यासाठीचे शासन निर्णय पावसाळ्याच्या आत निघाले, तर जुलैत वॉर्ड भरतात तेव्हा पहिला हप्ता भांडारात पोचलेला असेल.

आपला,
रुग्णालय वित्त व प्रशासन क्षेत्रातील एक वाचक
पुणे